लेकीच्या कामासाठी मॉनिटर घेताना

आम्ही इनामगावच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. शिरूर तालुक्यात, घोडनदीच्या काठाला आमचं गाव. पुस्तकांतून गावाचं नाव येतं ते इथल्या जुन्या पांढरीमुळं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ ते १९८३ या काळात इथं खोदकाम केलं आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनी, चुली, रांजण उजेडात आणले. पण आज ते सांगायला आलो नाही. आज बोलायचंय कॉम्प्युटरच्या पडद्याबद्दल, म्हणजे मॉनिटरबद्दल.

आता तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बैठकीत मॉनिटर कुठून आला? तर तो असा आला. आमच्या एका सभासद वहिनींची लेक कॉम्प्युटरचं शिकली. पुण्यातल्या एका कंपनीचं काम ती घरून करते, प्रोग्रामिंगचं. म्हणजे कॉम्प्युटरनं काय करायचं, कशानंतर काय करायचं, याच्या सूचना त्याला कळतील अशा भाषेत ओळीखाली ओळ लिहीत जायच्या. एक स्वल्पविराम इकडचा तिकडं झाला तरी अख्खं काम अडतं. त्यामुळं नजर सारखी अक्षरावर. दिवसाचे आठ-नऊ तास असं चालतं आणि हाताशी होता जुना लॅपटॉप. पडदा लहान, मान सदा खाली. चार-पाच महिन्यांत पोर संध्याकाळी डोकं धरून बसायला लागली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. घरात आजींनी धोशा लावला, "डोळे जायचे पोरीचे. सोड म्हणावं ते काम."

काम सोडणं सोपं नव्हतं. पुण्यात राहायचं तर खोलीचं भाडं आणि खानावळ यातच निम्मा पगार जातो. रोज ये-जा करायची तर संध्याकाळी उसाच्या कडेकडेनं परत यायचं. बिबट्याचं भय काय असतं, ते शिरूर-दौंडकडच्या बायांना आम्ही सांगायला नको. अंधार पडला की आपण लेकरांना अंगणात सोडत नाही. म्हणजे काम टिकायचं तर ते घरूनच, आणि घरून टिकायचं तर डोळे-मान शाबूत राहायला पाहिजेत. तिनं गटाकडं मॉनिटरसाठी अंतर्गत कर्ज मागितलं.

बैठकीत दोन-चार जणी हसल्या. "टीव्ही बघायला कर्ज द्यायचं का?" असंही कुणी म्हणालं. पण मग एक काकू म्हणाल्या, ते आम्हाला सगळ्यांना पटलं. त्या म्हणाल्या, "शेळी घेताना आपण दात बघतो. शिलाई मशीन घेताना पायाचं का मोटारीचं ते विचारतो. मग हा पडदा कसला, ते विचारा की." तेव्हा आम्ही विचारायला लागलो. जे कळलं ते आज तुम्हाला सांगतो, कारण तुमच्याही गावात अशी एखादी लेक, सून असेलच. नसली तर उद्या होईल.

आधी पडदा आतून कसा असतो ते बघू. दुकानात गेलं की पहिला शब्द कानावर पडतो "एलईडी". "ताई, हा एलईडी मॉनिटर आहे, एकदम भारी." आता हे नीट ऐका. एलईडी म्हणजे मागचा दिवा. आजकालच्या जवळपास सगळ्या साध्या मॉनिटरमध्ये मागं एलईडीचाच दिवा असतो. त्यामुळं "एलईडी आहे" म्हणणं म्हणजे "आमच्या म्हशीला चार पाय आहेत" म्हणण्यासारखं झालं. खरा फरक आहे तो दिव्याच्या पुढं बसवलेल्या काचेत. तिला पॅनल म्हणतात.

समजा, खोलीत दिवा लावलाय आणि खिडकीला पट्ट्यांचा पडदा आहे, पट्ट्या फिरवल्या की उजेड कमी-जास्त होतो, तो. पट्ट्या उघड्या ठेवल्या की उजेड बाहेर येतो, मिटल्या की अडतो. मॉनिटरमध्ये अशा बारीक बारीक लाखो झडपा असतात आणि त्यांचं काम करतो एक पातळ पदार्थ. त्याला द्रवस्फटिक म्हणतात. विजेच्या इशाऱ्यानं त्याचे कण वळतात आणि उजेड सोडतात किंवा अडवतात. हे कण कसे मांडलेत आणि कसे वळतात, यावरून पॅनलच्या तीन जाती पडतात. टीएन, व्हीए आणि आयपीएस. नावं लांबलचक आहेत, ती पाठ करायची गरज नाही. ही तीन छोटी नावं लक्षात ठेवा, ती खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेली असतात.

टीएनमध्ये कण पिळासारखे वळलेले असतात. ही जुनी आणि स्वस्तातली जात. समोर बरोबर मध्ये बसलं तर ठीक दिसतं. पण जरा खाली वाकलं, बाजूला सरकलं, की रंग पालटतात. खालून बघितलं तर उजळ भाग काळपट आणि काळा भाग उजळ, असंही होतं. स्वस्तातल्या जुन्या लॅपटॉपवर हे हमखास बघायला मिळायचं. आमच्या या लेकीच्या लॅपटॉपचं तेच होतं. वरच्या ओळी एका छटेच्या, खालच्या दुसऱ्या. दिवसभर ती लॅपटॉपची पाटी पुढं-मागं करायची.

प्रोग्रामिंगला हे का बाधतं, ते तिनंच आम्हाला दाखवलं. त्या कामात अक्षरं रंगीत असतात. शोभेसाठी नाही. हुकमाचे शब्द एका रंगात, अवतरणातला मजकूर दुसऱ्या रंगात, आणि स्वतःसाठी लिहून ठेवलेली टिपणं फिकट राखाडी रंगात. रंगावरून चूक लगेच कळते, जसं तांदूळ निवडताना खडा डोळ्याला टोचतो तसं. पण पडदाच रंग बदलत असेल तर राखाडी अक्षर दिसेनासं होतं आणि डोळा ताणून वाचावं लागतं.

दुसरी जात व्हीए. यात कण उभे असतात आणि उजेड चांगला अडवतात. त्यामुळं काळा रंग खरंच काळा दिसतो. पांढरा भाग काळ्यापेक्षा किती पट उजळ, याचा एक आकडा असतो. आयपीएसमध्ये तो साधारण एक हजाराला एक असा असतो, तर व्हीएमध्ये तीन हजाराला एक किंवा त्याच्याही वर जातो. अंधाऱ्या खोलीत सिनेमा बघायला व्हीए चांगला. पण काळ्या पडद्यावर उजळ अक्षरं ठेवून काम करणारी मुलगी ओळी भरभर वर-खाली सरकवते, तेव्हा अनेक व्हीए पडद्यांवर अक्षरांमागं पुसट सावली ओढल्यासारखी दिसते. आणि बाजूनं बघितलं की रंग थोडे विटके होतात. टीएनइतके नाही, पण होतात.

तिसरी जात आयपीएस. ही जपानमध्ये १९९०च्या दशकात हिताची कंपनीनं पुढं आणली. यात कण आडवेच राहतात आणि आहे त्याच पातळीत वळतात, जात्याचा पाट फिरतो तसे. त्यामुळं वरून, खालून, बाजूनं, कुठूनही बघा, रंग जवळपास तेच राहतात. उणीव म्हणाल तर काळा रंग थोडा करडा वाटतो आणि अंधारात कोपऱ्यांना पुसटशी चमक दिसते. दिवसाउजेडी किंवा ट्यूबलाइटच्या प्रकाशात काम करणाराला ती जाणवत नाही.

आमचं मत स्पष्ट आहे. दिवसभर अक्षरं वाचायची असतील तर आयपीएस घ्या. आणि खेड्यात त्याला आणखी एक कारण आहे. आपल्याकडं एक कॉम्प्युटर एकटी कधीच वापरत नाही. ती कामाला बसली की शेजारची मुलगी शिकायला म्हणून डावीकडं टेकते, धाकटा भाऊ उजवीकडून डोकावतो, कुणी सातबारा काढून दे म्हणून मागं उभं राहतं. सगळ्यांना सारखं दिसायला पाहिजे. लहान आकाराच्या मॉनिटरमध्ये आता तिन्ही जातींच्या किमतीत फारसं अंतरही उरलेलं नाही. मग कशाला टीएन घ्यायचा?

ओएलईडी नावाचा एक चौथा प्रकार निघालाय. त्यात मागं दिवाच नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. काळा रंग अगदी काजळासारखा. पण महाग आहे, आणि दिवसभर एकाच जागी तेच चित्र राहिलं तर त्याचा कायमचा डाग पडायची भीती असते. प्रोग्रामिंगमध्ये वरची पट्टी, बाजूची यादी दिवसभर जागची हलत नाही. गटाच्या कर्जावर घ्यायची ती वस्तू नव्हे.

पण बायांनो, नुसतं आयपीएस म्हणून भागत नाही. आम्हाला विचाराल तर पॅनलच्या जातीइतकंच महत्त्वाचं आहे अक्षर किती रेखीव दिसतं ते. पडदा बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो. एका इंचात ठिपके जास्त, तर अक्षर कोरीव. कमी, तर रांगोळीचे ठिपके लांब लांब पडल्यावर नक्षी तुटक दिसते तसं. आता हिशेब बघा. फुल एचडी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. तेवढेच ठिपके २४ इंची पडद्यावर पसरले तर इंचाला सुमारे ९२ पडतात. तेच २७ इंचीवर पसरले तर सुमारे ८२. म्हणजे पडदा मोठा झाला पण अक्षर फुटलं. २७ इंची घ्यायचाच असेल तर २५६० गुणिले १४४० ठिपक्यांचा बघा, त्यात इंचाला सुमारे १०९ पडतात. नुसतं "मोठा आहे" म्हणून भुलू नका. दुकानात मोठा पडदा नजरेत भरतो, हे खरं आहे.

आपल्या मराठीला तर हे जास्तच लागू. इंग्रजी अक्षर सुटं असतं. आपल्याकडं वर वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. ठिपके कमी पडले की "कर्म" मधला रफार पुसट होतो आणि अनुस्वार आहे का धुळीचा कण आहे ते कळत नाही. म्हणून दुकानात पडदा बघताना इंग्रजीत जाहिरात बघू नका, मराठी बातमीचं पान उघडायला सांगा आणि बारीक अक्षर वाचून बघा. आमच्यातल्या दोघींनी चष्मा लावून आणि काढून, दोन्ही तऱ्हेनं वाचून बघितलं.

आता लुकलुकीबद्दल. काही मॉनिटर उजेड कमी करायचा झाला की मागचा दिवा भराभर चालू-बंद करतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण काहींचं डोकं त्यानं दुखतं. ओळखायची एक साधी युक्ती आहे. पडद्याचा उजेड बराच कमी करा, पांढरं पान उघडा आणि पडद्यापुढं पेन्सिल पंख्यासारखी जोरात हलवा. पेन्सिलीची सलग धूसर सावली दिसली तर बरं. एकामागं एक सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर तो दिवा लुकलुकतोय. खोक्यावर "फ्लिकर फ्री" लिहिलेलं असतं तेही बघा, पण पेन्सिल हलवूनच बघा. दुकानात आम्ही पेन्सिल काढली तेव्हा तिथला मुलगा हसला, आणि मग त्यानंच बाकीच्या मॉनिटरपुढं हलवून बघितली.

दुकानदार १४४, १६५ असे आकडेही सांगतील. पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा नवं होतं, त्याचा तो आकडा. तो खेळ खेळणाऱ्यांसाठी. अक्षराच्या कामाला ७५ किंवा १०० भरपूर झाले. पडद्याचा पृष्ठभाग मात्र चकचकीत नको, मॅट पाहिजे. आपल्या घरांना दार समोर, खिडकी बाजूला, बाहेर ऊन मी म्हणत असतं. चकचकीत पडद्यात आपलंच तोंड दिसतं. आणि उंची कमी-जास्त होणारा स्टँड मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर घरातला पाट खाली ठेवा, तेवढंच काम होतं.

जोडायची वायर विचारा. जुनी निळ्या तोंडाची व्हीजीए वायर असते, तिच्यानं अक्षर थोडं धूसर येऊ शकतं. एचडीएमआय वायर घ्या आणि ती लॅपटॉपला बसते का ते आधी बघा, त्यासाठी लॅपटॉप बरोबर न्या. पैसे देण्याआधी पडदा पूर्ण पांढरा, पूर्ण काळा, मग लाल, हिरवा, निळा करून दाखवायला सांगा. मेलेला ठिपका असेल तर तिथंच दिसतो. घरी आल्यावर एक-दोन ठिपक्यांसाठी कंपन्या सहसा बदलून देत नाहीत. पक्कं बिल घ्या. हमी किती वर्षांची आणि दुरुस्ती कुठं होते, शिरूरला का पुण्याला, हे बिलावरच लिहून मागा.

आता पैशाआधीची एक गोष्ट. कर्ज मंजूर करायच्या आधी आमच्या गटानं एक अट घातली. डोळे तपासून ये. डोकेदुखीचं कारण चष्म्याचा नंबर असेल तर सोन्याचा मॉनिटर आणला तरी डोकं दुखणारच. ग्रामीण रुग्णालयात किंवा गावात नेत्र-शिबिर लागतं तिथं तपासता येतं. तिला थोडा नंबर निघाला. चष्म्याच्या दुकानात निळ्या किरणांचा जादा पैशांचा चष्मा पुढं केला होता. तो आम्ही घेऊ दिला नाही. २०२३ साली कॉक्रेन या संस्थेनं जगभरातले अभ्यास एकत्र तपासले, त्यात अशा काचांनी डोळ्यांचा ताण कमी होतो असं काही आढळलं नाही. साधा नंबरचा चष्मा पुरला.

डोळ्यांची आग होते त्याचं मोठं कारण वेगळंच आहे. एरवी माणूस मिनिटाला साधारण १५ वेळा पापणी मिटतो. पडद्याकडं टक लावली की हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतं. डोळा कोरडा पडतो. वरून टेबलफॅन थेट तोंडावर असेल तर बघायलाच नको. पंखा पायाकडं वळवा. दर २० मिनिटांनी २० फूट लांबचं काहीतरी २० सेकंद बघायचं, असं डॉक्टर सांगतात. आपल्याकडं हे सोपं आहे. दारातून उसाचा फड दिसतो, तो बघावा. ही सवय तिला लावली आजींनी. काम सोड म्हणणाऱ्या त्याच आजी आता मध्येमध्ये हाक मारून उठवतात, "ए, शेळी बघ गं कुठं गेली."

मॉनिटर आला तो २४ इंची, आयपीएस, फुल एचडी. ठेवताना खिडकी पाठीमागंही नको आणि समोरही नको म्हणून आडव्या भिंतीला लावला. डोळ्यापासून हातभर लांब, वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली. खोक्यातून काढल्यावर उजेड फार भडक होता. शेजारी पांढरा कागद धरून, कागदाइतकाच उजळ होईल असा कमी केला. संध्याकाळी पुन्हा थोडा कमी करायचा. काळ्यावर पांढरी अक्षरं बरी का पांढऱ्यावर काळी, यावर पोरींचे वाद होतात. ज्या डोळ्यांना जे सोसेल ते. तिला दिवसा पांढरा, रात्री काळा बरा वाटतो.

वीज किती खातो, हे सगळ्याच विचारतात. असा मॉनिटर साधारण २० वॅटच्या आसपास घेतो. म्हणजे ५० तासांना एक युनिट. जुन्या डब्यासारख्या मॉनिटरच्या मानानं फारच कमी. पण लॅपटॉपला बॅटरी असते, मॉनिटरला नसते. वीज गेली की पडदा बंद. तेव्हा ती लॅपटॉपवर काम सुरू ठेवते. इन्व्हर्टरचा विचार पुढच्या वर्षी, ऊस गेल्यावर.

डोकेदुखी अगदी गेली असं आम्ही म्हणणार नाही. महिनाअखेरीला काम वाढलं की अजून डोकं धरते. पण रोजचं थांबलंय आणि काम चालू आहे. कर्जाचा हप्ता दर महिन्याच्या बैठकीत तिच्या आई आणून देतात, आतापर्यंत एकही चुकलेला नाही. परवाच्या बैठकीत दुसऱ्या एका ताईंनी अर्ज दिलाय. त्यांच्या सुनेला ब्लाउजची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढायची आहेत. तिथं अक्षरापेक्षा रंग खरा दिसणं महत्त्वाचं, म्हणजे आमची चौकशी पुन्हा सुरू. पेन्सिल मात्र पिशवीतच ठेवलीय.

बरं, येतो आम्ही. नमस्कार.